पद्मिनीचे पुढचे डावे चाक ब्रेक सोडल्यावरही धरून राहते. दोष नेमका कुठे शोधावा?

म्हापशाची_पद्मिनी

नमस्कार. माझ्याकडे 1984 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी घेतलेली ही गाडी अजूनही ‘जीडी’ने सुरू होणाऱ्या जुन्या क्रमांकावरच धावते. पावसाळ्याचे महिने ती शेडमध्ये झाकून ठेवलेली होती. चवथीच्या आधी बाहेर काढली तेव्हा मागचे शू (चाकाच्या आत दाबले जाऊन ब्रेक लावणारे भाग) ड्रमला (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी भांड्याला) चिकटलेले होते, पण गाडी थोडी पुढेमागे ढकलल्यावर ते सुटले आणि त्यानंतर मागच्या चाकांनी काही त्रास दिलेला नाही.

त्रास पुढच्या डाव्या चाकाचा आहे. सुरुवातीचे काही किलोमीटर गाडी नीट चालते. मग हळूहळू ती जड वाटू लागते, पेडल नेहमीपेक्षा वरच लागते आणि टणक होते. थांबून पाहिल्यास पुढचा डावा ड्रम हात लावता येणार नाही इतका तापलेला असतो आणि जळक्या लायनरचा (शूवरच्या घर्षणाच्या अस्तराचा) वास येतो. उजवा ड्रम मात्र जेमतेम कोमट असतो. गाडी अर्धा-पाऊण तास उभी ठेवली की सगळे पूर्ववत होते. आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती महत्त्वाची आहे की नाही हे मला ठाऊक नाही: ब्रेक दाबताना गाडी किंचित उजवीकडे झुकते आणि पेडल सोडल्यावर काही क्षण डावीकडे ओढते.

स्थानिक गॅरेजमध्ये पुढच्या दोन्ही चाकांचे लायनर नवे बसवून घेतले आणि डाव्या चाकाच्या व्हील सिलेंडरचे (तेलाच्या दाबाने शू ढकलणाऱ्या सिलेंडरचे) रबर किटही बदलले, तरी फरक पडला नाही. आता मेकॅनिकचे म्हणणे असे, की ड्रम लेथवर कापून घ्यावा. ड्रम एकदा कापला की तो परत जाड होत नाही आणि चांगला जुना ड्रम मिळणे कठीण झाले आहे, म्हणून त्याआधी जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले. दिवाळीच्या सुमारास चोर्ला घाटातून बेळगावला जाण्याचा विचार आहे. या अवस्थेत तो घाट करावा का, हेही कृपया सांगावे.

ताळगावकर

पेडल वर लागणे, टणक होणे आणि गाडी थंड झाल्यावर ब्रेक आपोआप सुटणे ही मास्टर सिलेंडरची, म्हणजे पेडलच्या जोराने तेलात दाब निर्माण करणाऱ्या सिलेंडरची, लक्षणे आहेत. पेडल सोडल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला नाही, तर त्याच्यावरच्या रबरी कपापुढचे बारीक छिद्र झाकलेलेच राहते आणि पाइपांतले तेल टाकीत परतू शकत नाही. ब्रेक तापले की तेल प्रसरण पावते, दाब वाढत जातो आणि ब्रेक अधिकच आवळले जातात. पेडलच्या दांड्याला पिस्टनपाशी थोडी मोकळीक आहे का, ते प्रथम पाहावे. पेडल बोटाने दाबल्यावर प्रतिकार लागण्याआधी ते किंचित मोकळे हलले पाहिजे. हलत नसेल तर दांड्याची लांबी कमी करावी. हलत असेल तर मास्टर सिलेंडरचे किट बदलावे. ड्रम कापण्याची मुळीच घाई करू नये.

फोंड्याचे_गॅरेज

ड्रम कापू नये, हे ताळगावकरांचे मत मलाही पूर्ण मान्य आहे आणि दांड्याची मोकळीक तपासायला पैसे पडत नाहीत, म्हणून ती अवश्य तपासावी. तथापि मास्टर सिलेंडरवर मी इतक्यात बोट ठेवणार नाही. पद्मिनीचे ब्रेक एकाच सर्किटचे आहेत. मास्टर सिलेंडरमधून निघालेला दाब चारही चाकांना सारखाच जातो. दाब मास्टरमध्येच अडकून राहत असता, तर उजवे चाकही तापले असते आणि मागची दोन्ही चाकेही जड फिरली असती. प्रश्नकर्त्यांचा उजवा ड्रम जेमतेम कोमट आहे. याचा अर्थ अडथळा जिथून नळी एकट्या डाव्या चाकाकडे जाते, त्या जागेच्या पुढे आहे.

प्रश्नकर्त्यांनी जी गोष्ट बिचकत शेवटी लिहिली, तीच माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे. गाडी एका बाजूला ओढते म्हटले की बहुतेक ठिकाणी त्याच बाजूचे चाक उघडले जाते. वस्तुतः ज्या बाजूचा ब्रेक अधिक धरतो त्या बाजूला गाडी ओढली जाते, त्यामुळे दोष पुष्कळदा दुसऱ्या, न धरणाऱ्या बाजूला असतो. येथे तर दिशाच बदलते. दाबताना उजवीकडे म्हणजे डाव्या चाकाला दाब उशिरा पोहोचतो. सोडल्यावर डावीकडे म्हणजे त्याच चाकातला दाब उशिरा सुटतो. जाताना आणि येताना दोन्ही वेळा तेलाची वाट अडवणारी एकच वस्तू तिथे आहे, ती म्हणजे चेसिसवरच्या लोखंडी पाइपापासून चाकाकडे जाणारा रबरी होज. जुन्या होजचे आतले अस्तर फुगते किंवा सुटून झडपेसारखे वागू लागते. पायाचा जोर मोठा असल्यामुळे दाबताना तेल कसेबसे पुढे सरकते. परतताना मात्र त्याला ढकलायला फक्त शूच्या स्प्रिंगा असतात. बाहेरून असा होज धडधाकट दिसतो, म्हणून तो बदलायचा कोणाच्या मनात येत नाही आणि लायनर, किट, ड्रम असा खर्च होत राहतो.

पेडल वर का लागते, याचाही उलगडा यातून होतो. डाव्या चाकाचे शू मागे येतच नसल्यामुळे पुढच्या वेळी त्यांच्यातले आणि ड्रममधले अंतर भरून काढायला तेल लागत नाही आणि तेवढी पेडलची चाल वाचते.

हे सर्व अनुमान आहे. खात्री चाक उचलूनच करावी. गाडी सपाट जागी घ्यावी, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, पुढचा भाग जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. मदतनिसाला पेडल जोराने काही वेळा दाबून पूर्ण सोडायला सांगावे आणि लगेच चाक हाताने फिरवून पाहावे. चाक अडकले असेल, तर लोखंडी पाइप होजला जिथे मिळतो तो सांधा प्रथम थोडा सैल करावा. तेल बाहेर येऊन चाक मोकळे झाले, तर दाब मास्टरच्या बाजूने येत होता आणि ताळगावकरांचे निदान खरे. तो सांधा सैल करूनही चाक अडकलेलेच राहिले, तर तो पुन्हा आवळावा आणि चाकामागचा ब्लीडिंग निपल (तेल आणि हवा बाहेर काढण्याची तोटी) उघडावा. आता चाक सुटले, तर होज आतून बंद आहे यात शंका उरत नाही. निपल उघडूनही सुटले नाही, तर मात्र दोष तेलाचा नाही: पिस्टन गंजून अडकला असेल, शू बॅकप्लेटवर (शूमागच्या स्थिर पत्र्यावर) घासून पडलेल्या खाचांत रुतत असतील किंवा परतीची स्प्रिंग ढिली पडली असेल. हा क्रम उलटा करू नये. आधी निपल उघडला तर दाब कुठूनही आलेला असो, चाक सुटणारच, आणि काहीच कळणार नाही.

दोन सावधगिरीच्या सूचना. चारही चाकांना ड्रम असलेल्या या पिढीच्या बऱ्याच गाड्यांत मास्टर सिलेंडरच्या तोंडाशी एक झडप असते, जी पाइपांत किंचित दाब मुद्दाम टिकवून धरते. त्यामुळे निपल उघडल्यावर थोडेसे तेल उसळणे स्वाभाविक आहे. पाहायचे आहे ते चाक सुटते की नाही. दुसरे म्हणजे आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत पाइपांचे नट गंजलेले असतात. साध्या पान्याने जोर केल्यास नटाचे कोपरे झिजतात किंवा पाइपच पिळवटून तुटतो. आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे आणि पाइपाच्या नटाला सर्व बाजूंनी धरणारा फ्लेअर पानाच वापरावा. होजला चिमटा लावून परीक्षा घेणारे लोक मी पाहिले आहेत. जुन्या रबराला त्याने कायमची इजा होते.

मडगावची_अँबी

फोंड्याच्या सदस्यांच्या विवेचनात एका शक्यतेची भर घालतो. पुढचे लायनर बदलताना हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) काढला गेला असू शकतो. परत बसवताना चाकाच्या बेअरिंगचा नट जास्त आवळला गेला, तरीही ते चाक तापते आणि तो ताप ब्रेकचाच वाटतो. प्रश्नकर्त्यांचा त्रास लायनर बदलण्यापूर्वीपासूनचा असल्यामुळे हे मूळ कारण नसावे, पण मूळ दोषावर याची भर पडलेली असू शकते. मोकळ्या रस्त्यावर ब्रेकला शक्यतो पाय न लावता थोडे अंतर जावे आणि गाडी इंजिनाच्या रोधाने थांबवावी. तरीही हबचा मधला भाग तापला, तर नट तपासावा. तापलेल्या ड्रमला बोट लावून पाहण्यापेक्षा इन्फ्रारेड थर्मामीटर वापरावा. तो आता स्वस्तात मिळतो आणि दोन चाकांची तुलना आकड्यांत करता येते.

माझी गाडी अँबेसेडर असल्यामुळे माझा अनुभव थोडा वेगळा आहे. तिच्या पुढच्या प्रत्येक चाकात दोन सिलेंडर असतात आणि दोन्ही शू चाकाच्या फिरण्याबरोबर ड्रममध्ये ओढले जातात. पुढे जाताना असा ब्रेक जोरकस लागतो, मागे जाताना मात्र पुष्कळ कमी. आल्तिनोच्या चढावर गाडी मागे घसरू लागली की हा फरक चांगलाच जाणवतो. दोनांपैकी एकच सिलेंडर अडकला तर गाडी ओढते, पण चाक पूर्ण जाम होत नाही, आणि मेकॅनिक चालणारा सिलेंडर पाहून समाधानाने ड्रम बंद करतो. अँबेसेडरवाल्यांनी दोन्ही पिस्टन हलताना स्वतः पाहावेत.

आणि ड्रम उघडाल तेव्हा आतली धूळ हवेच्या दाबाने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी आहे. ओल्या फडक्याने पुसावे आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे.

सुटे_भाग_पणजी

मी सुट्या भागांच्या व्यवसायात आहे, म्हणून तेलाबद्दल लिहितो, कारण होज बदलूनही तेल तेच राहिले तर नवा होजही फार काळ टिकणार नाही. बाजारात सहज मिळणारे डॉट 3 आणि डॉट 4 हे ब्रेक ऑइलचे दर्जे ग्लायकॉलवर आधारलेले असतात आणि हवेतला ओलावा शोषून घेतात. डॉट 3 चा उत्कलनबिंदू नवे असताना किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे 3.7 टक्के पाणी मुरले की तो 140 अंशांपर्यंत उतरलेला चालतो असे मानक सांगते. डॉट 4 चे हेच आकडे 230 आणि 155 आहेत. आपल्या पावसाळ्याच्या हवेत टाकीच्या झाकणाच्या छिद्रातून आणि रबरी होजमधून ओलावा सतत आत जात असतो. गाडी चालली नाही तरी तेल जुने होते. उभ्या गाडीत तर तेच पाणी व्हील सिलेंडरच्या भिंतींना गंज आणते.

चोर्ला घाटाच्या प्रश्नाचे उत्तर याच आकड्यांत आहे. अडकलेला ब्रेक ड्रमला तापवतो आणि ड्रमची उष्णता सिलेंडरमधल्या तेलापर्यंत पोहोचते. तेल उकळून त्याची वाफ झाली, की पेडल दाबल्यावर फक्त वाफ दबते आणि पेडल तळाला जाते. एकाच सर्किटच्या गाडीत ही वेळ एका चाकावर आली, तरी चारही चाकांचे ब्रेक त्याच क्षणी जातात आणि हातात फक्त हँडब्रेक उरतो. दोष दूर होईपर्यंत घाट करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक तपासणी घरच्या घरी होते. टाकीतले थोडे तेल काचेच्या पेल्यात पाण्यात ओतावे. ग्लायकॉलचे ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते. वर तेलकट थर तरंगला, तर कोणीतरी चुकीचे तेल, बहुधा इंजिन ऑइल, टाकीत भरलेले आहे. ते सर्व रबरांना फुगवते. तेव्हा होज एकटा बदलून भागत नाही, पाइप धुऊन काढावे लागतात आणि प्रत्येक कप, प्रत्येक होज, मास्टरच्या किटसह नवा घालावा लागतो. सिलिकॉनचे डॉट 5 हेही पाण्यात मिसळत नाही, पण ते साधारणपणे जांभळ्या रंगाचे असते आणि आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत क्वचितच आढळते. ड्रमच्या आत ओल दिसल्यास हीच परीक्षा तिथेही उपयोगी पडते: पाण्याने धुतली जाते ती ब्रेक ऑइलची गळती, तरंगते ते ग्रीस किंवा मागच्या चाकात अ‍ॅक्सलच्या सीलमधून आलेले गिअर ऑइल. असे भिजलेले लायनर पेट्रोलने पुसून परत वापरू नयेत.

म्हापशाची_पद्मिनी

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी मेकॅनिकला घरी बोलावून फोंड्याच्या सदस्यांनी सांगितलेल्या क्रमानेच सर्व केले. दांड्याला मोकळीक होती. पेडल दाबून सोडल्यावर डावे चाक घट्ट अडकले, उजवे सहज फिरत होते. होजच्या वरचा सांधा सैल केला तेव्हा दोनचार थेंब आले आणि चाक जागचे हलले नाही. निपल उघडताच तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळे झाले. काढलेल्या होजमध्ये फुंकर मारून पाहिली, तर हवा जवळजवळ जातच नव्हती. पेल्यातल्या परीक्षेत तेल पाण्यात पूर्ण मिसळले, मात्र त्याचा रंग काळपट चहासारखा झाला होता.

आता दोन शंका आहेत. नवा होज डाव्या बाजूला बसवून एअर काढली, पण पेडल पूर्वीपेक्षा खालीच लागते. दोनदा लागोपाठ दाबले की वर येते. हे नव्या दोषाचे लक्षण आहे का? आणि उजवा होज अजून चालतो आहे, तो तसाच ठेवावा का?

फोंड्याचे_गॅरेज

उजवा होज आणि मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा होज, दोन्ही बदलावेत. तिघेही एकाच वयाचे असतील, तर एक बंद पडला आणि बाकीचे दोन चांगले आहेत असे समजण्याला आधार नाही. शिवाय डाव्या चाकाला आता दाब लगेच पोहोचतो आणि उजव्याला जुन्या होजमधून, म्हणजे ओढण्याची दिशा तेवढी बदलेल. बसवताना होजला पीळ राहू देऊ नये. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून तो टायरला किंवा सस्पेन्शनला कुठे घासत नाही हे पाहावे आणि सांध्यातला तांब्याचा वॉशर नवाच वापरावा. बारा-पंधरा वर्षे दुकानात पडून राहिलेला ‘ओरिजिनल’ होज घेण्यापेक्षा, मापात बसणारा आणि अलीकडे बनवलेला होज मी केव्हाही पसंत करीन.

दुसऱ्यांदा दाबल्यावर पेडल वर येते, तेव्हा बहुधा शू आणि ड्रम यांच्यातले अंतर जास्त आहे. डावे शू इतके दिवस ड्रमला चिकटून राहिल्यामुळे हे अंतर झाकले गेले होते. प्रत्येक चाक उचलून बॅकप्लेटवरचा अ‍ॅडजस्टर चाक घासू लागेपर्यंत फिरवावा आणि मग चाक मोकळे होईपर्यंत किंचित मागे घ्यावा. हँडब्रेकची केबल त्याआधी ढिली करावी, म्हणजे मागच्या चाकांचे समायोजन खोटे पडत नाही. हे झाल्यावरही पेडल स्प्रिंगसारखे लवचिक लागले, तर हवा शिल्लक आहे. आणि पाय एक मिनिटभर दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बसत गेले, शिवाय बाहेर कुठेही गळती नसली, तर मास्टरचा कप आतल्या आत तेल सोडतो आहे. त्या वेळी ताळगावकरांच्या सल्ल्याप्रमाणे किट घालावे.

काळपट तेल सगळे काढून टाकावे. मास्टर सिलेंडर उजव्या बाजूला असल्यामुळे सर्वांत लांबचे मागचे डावे चाक आधी, मग मागचे उजवे, नंतर पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे, असा क्रम ठेवावा आणि प्रत्येक निपलमधून स्वच्छ तेल येईपर्यंत थांबू नये. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नये. सांडलेले तेल रंग खाते, तेव्हा मडगार्डवर ओले फडके टाकून ठेवावे.

बेळगावबद्दल एवढेच, की म्हापशाहून जाताना चोर्ला चढायचा असतो आणि चढावर ब्रेकची परीक्षा होत नाही. खरा उतार परतताना केरीकडे येताना लागतो. म्हणून परीक्षा निघतानाच घ्यावी. अस्नोडा, डिचोली करून साखळीला पोहोचल्यावर गाडी थांबवून चारही ड्रमचे तापमान मोजावे. पुढच्या दोन चाकांचे आकडे एकमेकांच्या जवळ असतील तरच पुढे जावे, आणि परतीच्या उतारावर ज्या गिअरमध्ये इंजिन गाडीला स्वतः रोखून धरते तो गिअर वळणे सुरू होण्यापूर्वीच टाकावा.